सावकाशचा घोडा

बावीस वर्षं दुसऱ्याची गाडी चालवली की ड्रायव्हरच्या तोंडी एक वाक्य बसतं: "मालकाला विचारतो." टायर फुटला, मालकाला विचारतो. माल ओला निघाला, मालकाला विचारतो. गोदामवाला म्हणाला, अजून चार पेट्या चढव, की खिशातून फोन काढायचा आणि म्हणायचं, थांबा, मालकाला विचारतो. निम्म्या वेळा तो फोन लावतही नाही. पण वाक्य कामाचं आहे. त्याच्या आडोशाला उभं राहता येतं.

ज्याची ही हकिगत आहे त्याला ट्रकच्या लाईनीत सगळे सावकाश म्हणत. हे नाव एका गोदामाच्या पहारेकऱ्यानं ठेवलं. हा माणूस फाटकातून ट्रेलर आत घेताना दोनदा खाली उतरून मागं बघून यायचा, आणि हमाल माल उतरवायला लागले की बाजूला उभा राहून "सावकाश, सावकाश" म्हणत राहायचा. पहारेकरी एकदा वैतागून ओरडला, "आले बघा सावकाशराव! उघडा फाटक, संध्याकाळपर्यंत येतील आत." तेव्हापासून तेच नाव चिकटलं. बायकोसुद्धा रागात असली की तेच म्हणायची.

चाळीस गाड्यांची कंपनी होती. जुना मालक होता तोवर सगळं ठीक चाललं होतं. शिव्या द्यायचा, पण गाडीतलं त्याला कळत होतं. तो थकला आणि कारभार पुतण्याकडे गेला. पुतण्यानं प्रत्येक केबिनमध्ये एक डबी बसवली. गाडी थांबली की तिकडं ऑफिसात कळायचं आणि पाच मिनिटांत फोन यायचा, का थांबलात? एका सकाळी घाटात दाट धुकं होतं. पुढच्या गाडीचे दिवे दिसेनात म्हणून सावकाशनं ट्रेलर कडेला घेतला आणि धुकं विरेपर्यंत थांबला. पुतण्याचा फोन आला. धुकं आहे, असं सांगितलं. तर पुतण्या म्हणाला, "इथं तर स्वच्छ ऊन आहे."

सावकाशनं फोन खिशात टाकला. दोन दिवसांनी घरी आला, एक बूट काढला आणि तो हातातच धरून बसला.

"स्वतःचा घ्यावा म्हणतो," तो म्हणाला.

"बूट?" बायकोनं विचारलं.

"घोडा."

ट्रेलर ओढणारं जे पुढचं तोंड असतं, इंजिन आणि केबिनवालं, त्याला ड्रायव्हर मंडळी घोडा म्हणतात. हे बायकोला वर्षानुवर्षं माहीत होतं, तरी तिनं हातातलं काम खाली ठेवलं. ती गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात कटिंग मास्तर होती. साठ थर कापड एकावर एक अंथरायचं, वर खडूनं आखायचं आणि मशीननं एकदाच कापायचं, हे तिचं काम. एकदा कापलं की परत जोडता येत नाही, म्हणून ती बोलतानाही आधी मोजून घ्यायची.

"नवा की जुना?"

"नवा कुठला परवडतोय. जुनाच."

"किती जुना?"

"मिळेल तसा. पंधरा वर्षं, सतरा वर्षं."

"आणि बिघडला तर कुणाला विचारणार?"

इथंच घोडं पेंड खात होतं. सावकाशनं दुसरा बूट काढला आणि दोन्ही नीट जोडून भिंतीशी ठेवले.

आठ दिवस घरात तो विषय निघाला नाही. मग एका रविवारी बायकोच म्हणाली, "भावजींना बरोबर घ्या. एकटे जाऊ नका. तुम्हाला कुणीही गोड बोलून गुंडाळेल."

भावजी म्हणजे मिस्त्री. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं काढून घरी बसलेला. इंजिनांच्या आवाजानं एक कान पार गेलेला, दुसरा अर्धाच शाबूत. तो अर्ध्या कानाच्या हाडाला लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ लावायचा, टोक इंजिनवर टेकवायचा आणि डोळे मिटून उभा राहायचा. लोक हसायचे. पण तो डोळे उघडून "दोन नंबरचा" म्हणाला की दोन नंबरचाच सिलिंडर बिघडलेला निघायचा. नुसत्या घरबसल्यानं त्याला गंज चढत चालला होता. सावकाशनं विषय काढताच तो उठून चपला शोधायला लागला.

"अरे, आज नाही. पुढच्या शनिवारी," सावकाश म्हणाला.

"मग आज नियम ऐकून ठेव. विकणाऱ्यानं दहाची वेळ दिली की आपण नऊला जायचं."

पहिला घोडा एका दलालाच्या आवारात होता. लालभडक, पुसून लख्ख केलेला, पत्र्यात पाहून भांग पाडावा असा. शनिवारी बायकोची अर्धी सुट्टी होती, म्हणून तीही आली. तिघं सांगितल्यापेक्षा तासभर आधी पोचले. दलाल चहाचा कप हातात घेऊन घाईघाईनं बाहेर आला.

"या या. आठवडाभर हात लावला नाही गाडीला. तुमच्यासाठीच ठेवलीय."

मिस्त्रीनं काही न बोलता इंजिनवर पंजा ठेवला आणि लगेच उचलला.

"गरम आहे."

"उन्हानं तापलंय हो."

"ऊन आतून येतं का?" मिस्त्रीनं विचारलं.

गाडी थंड असताना सुरू होत नसेल तर गिऱ्हाईक यायच्या आधीच ती चालवून ठेवायची, ही फार जुनी युक्ती. सावकाशला ती माहीत होती, तरी त्याचा जीव त्या लाल रंगात अडकला होता. मीटरवर किलोमीटरही फार कमी दिसत होते. तो स्टीयरिंगवर हात फिरवत होता, तेवढ्यात बायको केबिनमध्ये चढली. तिनं मीटरकडे पाहिलंच नाही. सीटच्या शिवणीवरून बोट फिरवलं, सीट दाबून पाहिली, मग वाकून पायाशी बघितलं.

"कव्हर नवं आहे," ती म्हणाली. "दोरा अजून चमकतोय. पण आतला फोम डाव्या बाजूला बसून गेलाय. आणि हे बघा, पेडलचं रबर नवं, पण टाच टेकते तिथं पत्रा झिजून पांढरा पडलाय. एवढ्या थोड्या प्रवासात टाचेनं लोखंड झिजत नाही."

दलाल हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "ताईंना गाड्यांतलं बरंच कळतं वाटतं."

"गाड्यांतलं काही कळत नाही," ती खाली उतरत म्हणाली. "झिजलेलं कळतं."

परतीच्या वाटेवर सावकाश ओशाळला होता. बावीस वर्षं केबिनमध्ये काढून जे आपल्याला दिसलं नाही, ते हिला चढल्या चढल्या दिसलं. मिस्त्री मात्र खूष होता. "वहिनी, तुम्ही वर्कशॉपला यायला हवं होतं," असं तो तीनदा म्हणाला.

पुढच्या दोन महिन्यांत चार गाड्या पाहिल्या. एकीच्या चेसीवर नव्या काळ्या रंगाखाली वेल्डिंगची गाठ लागली. एकीच्या रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग होता. एका मालकानं गाडी सुरूच करून दाखवली नाही. म्हणाला, आधी पैसे दाखवा. चौथी चांगली होती, पण पैसे घेऊन जायच्या आदल्या दिवशी ती दुसऱ्यानं उचलली. सावकाशचा धीर सुटायला लागला होता. कंपनीत पुतण्याची डबी रोज टुकटुकत होतीच.

सहावीचा पत्ता एका टायरवाल्यानं दिला. गावाबाहेर सिमेंटच्या विटा पाडण्याचा कारखाना होता. त्याच्या मागच्या मोकळ्या जागेत, पत्र्याच्या छपराखाली, एक निळा घोडा उभा होता. रंग उडालेला, बंपरला गंज, दारावर मालकानंच कधीतरी ब्रशनं मारलेला वेगळ्याच निळ्याचा पट्टा. वय सतरा वर्षं. शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर एक म्हातारा बसला होता. पाठ ताठ आणि नजर थोडी बाजूला. तिघं तासभर आधीच पोचले होते.

"लवकर आलात," म्हातारा म्हणाला. "बरं झालं. इंजिन गार आहे. हात लावून बघा."

मिस्त्रीनं सावकाशकडे पाहिलं. त्या क्षणी मिस्त्रीच्या मनात सौदा झाला होता, असं सावकाश पुढे नेहमी सांगायचा.

म्हातारा मुळात ड्रायव्हर. चाळीस वर्षं चालवली, त्यातली शेवटची अकरा हीच गाडी, स्वतःची. आता डोळ्यांत मधोमध काळा ठिपका आला होता. कडेचं दिसायचं, समोरचं दिसायचं नाही. डॉक्टरांनी लायसन्सचा विषयच संपवून टाकला होता. मुलीचं घर जवळच होतं, तिथं तो राहायला आला होता.

"आधी वाईट सांगतो," तो म्हणाला. "चांगलं तुम्हाला दिसेलच. थंडीत तिसरा गिअर रुसतो, बळ करायचं नाही, जरा थांबून परत टाकायचा. पावसात डाव्या पायावर थेंब पडतो, कुठून येतो ते अकरा वर्षांत मला सापडलं नाही. उजव्या अंगाच्या मागच्या चाकाचं बेअरिंग वर्षभरात बदलायला होईल. आज आवाज नाही, पण होईल. झाला की ऐका. ही गाडी खोटं बोलत नाही, आपणच न ऐकल्यासारखं करतो."

सावकाशनं गाडी सुरू केली. दोन उचक्या दिल्या आणि चालू झाली. मिस्त्रीनं ऑइलचं झाकण काढून तोंडावर उलटं ठेवलं. खालून दाब येत असता तर झाकण थडथड उडालं असतं. ते नुसतं थरथरलं आणि जागेवर राहिलं. मग स्क्रू ड्रायव्हर निघाला. मिस्त्री डोळे मिटून इतका वेळ उभा राहिला की बायकोला वाटलं, झोप लागली की काय. शेवटी त्यानं गाडी बंद करायला सांगितली, ब्रेकच्या हवेच्या काट्यावर नजर टाकली आणि म्हणाला, "आता चहा." म्हाताऱ्याच्या मुलीनं चहा आणला. तो पिऊन, कप विसळून परत येईपर्यंत काटा केसभरसुद्धा उतरला नव्हता. हवा कुठंच गळत नव्हती.

बायको केबिनमध्ये चढली. सीट फाटलेली, तीन ठिकाणी हातानं शिवलेली, प्रत्येक वेळी वेगळा दोरा. तिनं टाचेजवळचा पत्रा पाहिला, मीटर पाहिलं आणि खाली उतरून एवढंच म्हणाली, "जुळतंय."

आता म्हाताऱ्याची पाळी होती.

"मागं ट्रेलर लावलाय, तोही सौद्यातच आहे. त्या दोन भिंतींच्या मधे रिव्हर्स घेऊन दाखवा."

जागा अरुंद होती. दोन्ही बाजूंना जेमतेम वीतभर राहील एवढीच. सावकाशनं निम्मी गाडी आत घेतली, थांबला, उतरून मागं बघून आला. परत थोडी घेतली, परत उतरला. म्हातारा मान तिरकी करून ऐकत होता.

"दोनदा उतरलात," गाडी बंद झाल्यावर तो म्हणाला.

"हो काका."

"बायको बघतेय, मिस्त्री बघतोय. लाज नाही वाटली?"

"भिंत पाडली असती तर जास्त वाटली असती."

म्हातारा पहिल्यांदाच हसला. नंतर त्याच्या मुलीकडून कळलं, वाळूवाला एक ठेकेदार आदल्या आठवड्यात जास्त पैसे द्यायला तयार होता. म्हाताऱ्यानं त्यालाही रिव्हर्स घ्यायला सांगितलं होतं. तो एका दमात आत गेला आणि छपराचा खांब वाकवून बाहेर आला.

कागदपत्रं व्हायला तीन आठवडे गेले. किल्ली द्यायच्या दिवशी म्हातारा दाराला पंजा टेकून थोडा वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "सीटवरची उशी तेवढी मला राहू द्या." सावकाशनं ती काढून दिली. चपटी, तेलकट उशी होती. म्हाताऱ्यानं ती काखेत मारली आणि मागं वळून न बघता भिंतीच्या कडेकडेनं घराकडे चालायला लागला.

पहिला माल घ्यायला गेला तेव्हा गोदामाच्या खिडकीतल्या बाईनं कागद पुढं सरकवला. "इथं मालकाची सही लागेल."

"मालकाला विचा—" सावकाशच्या तोंडून निघालं, आणि तो थांबला. बाई वर बघत होती. त्यानं पेन घेतलं आणि सही केली. बाहेर येऊन दोन मिनिटं उगाचच गाडीभोवती फिरला. कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं. पण काय सांगणार?

इथपर्यंत सगळं गोडच होतं. पुढं जे झालं ते सावकाश स्वतःहून फारसं सांगत नाही. विचारलं तर सांगतो.

बावीस वर्षं तो घाई करणाऱ्या मालकांशी भांडत आला होता. धुक्यात थांबला, झोप आली तेव्हा थांबला, टायर गरम झाला तेव्हा थांबला, आणि प्रत्येक वेळी शिव्या खाल्ल्या. आता शिव्या द्यायला कुणी नव्हतं. आणि हाच माणूस जेवायला थांबेनासा झाला. बायकोला आधी कळलं ते डब्यावरून. डबा भरलेलाच परत यायला लागला. विचारलं तर म्हणायचा, "भूकच नव्हती." चाकांजवळ हात नेऊन बघायची त्याची सवय, दर थांब्याला घोड्याच्या सहाही चाकांना, ती आधी एक सोडून एक थांब्यावर आली, मग दिवसातून एकदा. गाडी उभी राहिली की तो निम्मा चहा टाकून परत चढायचा. उभी गाडी म्हणजे रिकामी गाडी, असं काहीसं त्याच्या डोक्यात बसलं होतं. पुतण्याची डबी त्यानं कंपनीतच सोडली होती, पण ती मेली डोक्यात टुकटुकत होती.

चौथ्या महिन्यात एका छापखान्याचं काम मिळालं. कागदाची मोठमोठी रिळं न्यायची होती. छापखान्याचा व्यवस्थापक म्हणाला, ही खेप वेळेत आली तर वर्षभराचं काम तुम्हालाच. मंगळवारी गाडी भरली. मंगळवारीच मागून बारीक घरघर यायला लागली, उजव्या अंगानं. सावकाशला ती ऐकू आली. त्यानं रेडिओ मोठा केला.

बुधवारी चहाला थांबला तेव्हा सवयीनं हात चाकाजवळ गेला आणि तसाच मागं आला. इतर पाच चाकं कोमट होती, हे एक गरम. "उन्हानं तापलं असेल," तो स्वतःशीच म्हणाला. आणि म्हणता म्हणता त्याला त्या दलालाचा चेहरा आठवला. तरी तो गाडीत बसला. छापखाना आता फक्त दीडशे किलोमीटरवर होता.

चाळीस किलोमीटर झाले असतील. लांब उतार होता, भर दुपार. आधी वास आला, जळक्या ग्रीसचा. मग आरशात धूर दिसला. त्यानं गाडी कडेला घेतली, आग विझवायचा सिलिंडर घेऊन मागं धावला आणि होता तेवढा सगळा फवारा मारला. पेट घेतला नव्हता, पण पाण्याचा थेंब टाकला तर चर्र करून उडून जाईल, इतकं ते चाक तापलं होतं. रस्त्याच्या कडेला दगडावर बसून त्यानं मिस्त्रीला फोन लावला.

सगळं ऐकून मिस्त्री म्हणाला, "मालकाला फोन दे."

"अरे, चेष्टा करायची वेळ आहे का? मालक मीच."

"मग ड्रायव्हरला दे."

सावकाशनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ड्रायव्हर काय म्हणत होता?"

"...कालपासून म्हणत होता, आवाज येतोय."

"आणि मालक?"

"मालक म्हणाला, आधी माल पोचव."

"असला मालक मी असतो तर लाथ मारून नोकरी सोडली असती," मिस्त्री म्हणाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "कुठं आहेस ते नीट सांग. बेअरिंग घेऊन बसनं येतो. तोवर चाकाला हात लावू नकोस."

छापखान्यालाही फोन करणं भाग होतं. सावकाशनं जे होतं ते सांगितलं. बेअरिंग गेलंय, आवाज कालपासून येत होता, चूक माझी आहे, उद्या पोचवतो. व्यवस्थापकानं शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसरी गाडी पाठवली. रिळं रस्त्यातच त्या गाडीवर चढली. वर्षभराचं काम गेलं, त्या खेपेचं भाडंही गेलं. दुसऱ्या गाडीचा ड्रायव्हर चढताना म्हणाला, "तुमचा मालक पाठवेल ना कुणाला तरी?" सावकाशनं मान हलवली.

मिस्त्री तिन्हीसांजेच्या आधी पोचला. बसमधून उतरताना त्याच्या पिशवीत बेअरिंग, ग्रीसचा डबा आणि वहिनीनं दिलेला डबा असं सगळं होतं. त्यानं आधी जेवायला लावलं, मग चाक उघडलं. आतला दांडा निळा पडला होता, पण वाचला होता. "आणखी दहा किलोमीटर," मिस्त्री कापडानं हात पुसत म्हणाला, "आणि तुझंच चाक तुला ओव्हरटेक करून पुढं गेलं असतं." दोघंही हसले. मग सावकाशचं हसू मधेच थांबलं, कारण त्याला त्या उताराखालचं वळण आठवलं, आणि त्या वळणावरच्या थांब्याशी बसची वाट बघणारी माणसं.

घरी आल्यावर त्यानं बायकोला सगळं सांगितलं. रेडिओ मोठा केला होता, तेसुद्धा. ती बोलेल म्हणून तो वाट बघत होता. ती बोलली, पण भलतंच.

"मी एकदा साठ डाव्या बाह्या कापल्या होत्या."

"म्हणजे?"

"थर अंथरताना कापड उलटसुलट घालायचं असतं, म्हणजे एक डावी, एक उजवी निघते. मी सगळं एकाच अंगानं घातलं. साठच्या साठ डाव्या. नुकती मास्तर झाले होते तेव्हा. कुणी घाई केली नव्हती माझ्यावर. दाखवायचं होतं, किती भरभर काम करते ते."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही होता कुठं? गाडीवर." ती म्हणाली. "जेवणाच्या सुट्टीत त्या बाह्या समोर घेऊन बसले. एवढी माणसं कुठून आणू, ज्यांना दोन्ही हात डावे आहेत?"

सावकाशला हसू आवरेना. तीही हसली, मग डोळे पुसून उठली आणि त्याचा डबा घासायला घेतला.

दुसऱ्या दिवशी तो गाडी घेऊन निघाला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मिस्त्रीला बोलावून सहाही चाकं उघडली, आणि मग आपल्यापुरतं एक ठरवून टाकलं. दर दहाव्या दिवशी गाडी उभी राहणार, काम असो वा नसो. त्या दिवशी मिस्त्री येणार आणि मिस्त्री जे म्हणेल ते मालकानं ऐकायचं. मिस्त्रीनं पगार म्हणून जेवण मागितलं आणि घरबसल्याचा गंज त्याच्या अंगावरून पंधरवड्यात उतरला.

काम मात्र मिळेना. छापखान्याची गोष्ट लाईनीत फिरली होती, आणि तिला जरा तिखटमीठही लागलं होतं. महिनाभर फुटकळ खेपांवर निघाला. मग एक दिवस काचेच्या कारखान्यातून निरोप आला. सावकाश भेटायला गेला. माल भरून घेणारा मुकादम मोठ्या मिशांचा होता. त्यानं आधी गाडीभोवती एक फेरी मारली.

"तुमच्याबद्दल ऐकलंय," मुकादम म्हणाला. "फार हळू चालवता म्हणे."

सावकाशला वाटलं, गेलं हेही. तो म्हणाला, "हो. मधे चार महिने जोरात चालवून पाहिली. जमलं नाही."

"आमच्या गेल्या तीन गाडीवाल्यांनी वेळेच्या आधी माल पोचवला," मुकादम म्हणाला. "नुसता चुरा. सोमवारी या."

काच उभी ठेवून न्यायची असते, लाकडी चौकटीत बांधून. खड्डा दिसला की गाडी चालत्या माणसाच्या वेगानं काढायची. मागचे हॉर्न वाजवतात, आईबाप काढतात, खिडकीतून हातवारे करतात. ज्याला याचा त्रास होतो त्यानं काच नेऊ नये. सावकाशला बावीस वर्षांची सवय होती. पहिल्या वर्षात त्याच्या गाडीत एक तावदान तडकलं, तेही उतरवताना, दुसऱ्याच्या हातून.

एकदा त्या वाटेनं जाताना त्यानं गाडी विटांच्या कारखान्याकडे वळवली. म्हातारा खुर्चीवर बसला होता. गाडी अजून फाटकाबाहेर होती, तोच तो उठून उभा राहिला. सावकाश खाली उतरला.

"बेअरिंग बदललंत," म्हातारा म्हणाला.

"हो काका. उशिरा बदललं."

"जाळलंत ना?"

"जाळलं."

म्हाताऱ्यानं मान डोलावली. "मीही एकदा जाळलं होतं. डावीकडचं. विकताना सांगायला लाज वाटली." मग त्यानं चाचपडत बंपर शोधला, त्यावर टेकला आणि विचारलं, "थेंबाचं काय? सापडला?"

"नाही. बायकोनं तिथं मेणकापडाची पट्टी शिवून लावलीय. आता उजव्या पायावर पडतो."

दुसऱ्या वर्षी बायकोच्या कारखान्यात मशीनं बदलायची म्हणून आठवडाभर सुट्टी मिळाली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती आणि ती कधी त्याच्या गाडीतून लांब गेली नव्हती. कंपनीच्या गाडीत घरच्यांना बसवायची मनाई होती, आणि घोडा घेतल्यापासून तिला सवड नव्हती. ती म्हणाली, "येते."

दोन दिवसांची वाट होती. ती उंचावरून सगळं बघत होती. घरांच्या गच्च्या, वाळत घातलेले कपडे, भिंतींपलीकडची अंगणं. तो जिथं तोंड धुतो तो नळ तिनं पाहिला. एका टपरीवाल्यानं न विचारता दोन कप पुढं केले आणि म्हणाला, "या वहिनी, फार ऐकलंय तुमच्याबद्दल." काय ऐकलंय, हे त्यानं सांगितलं नाही आणि सावकाश दुसरीकडे बघत राहिला. मग एक लांबच लांब सरळ रस्ता लागला, तासभर काहीही नसलेला.

"इथं काय विचार करता?" तिनं विचारलं.

"काही नाही."

"बावीस वर्षं काही नाही?"

त्यानं गिअर बदलला. "तू आता काय कापत असशील, ते. घड्याळ बघायचो आणि म्हणायचो, आता अंथरत असेल. आता आखत असेल."

ती खिडकीबाहेर बघायला लागली. तिकडंच बघत म्हणाली, "मला वाटायचं, तुम्ही इकडं मजेत असता."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पोचले. नवी इमारत होती, अजून प्लास्टरचा वास येत होता. कामगारांनी पहिली काच उतरवली, दोऱ्यांनी बांधून वर चढवली, चौकटीत बसवली आणि तिच्यावरचा कागद ओढून काढला. समोरच्या झाडाचा अर्धा शेंडा त्या काचेत आला.

"एवढी मोठी काच तुम्ही आणलीत?" तिनं विचारलं.

"आपण आणली," तो म्हणाला.

खालून कुणीतरी ओरडलं की मागं सिमेंटची गाडी थांबलीय, ट्रेलर पुढं घ्या. सावकाश केबिनमध्ये चढला. ती खालीच राहिली, भिंतीपासून किती अंतर आहे ते बघायला, आणि हातानं खुणा करत त्याला म्हणाली, "या. अजून या. बास, आता डावीकडे."